वरची मात्रा, खालचा उकार

दिवाळी सरली की झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते. मंडई म्हणजे रात्रभराचं नाटक, नाटक म्हणजे पाहुणे, आणि पाहुणे म्हणजे घरातली एकही गोष्ट घरात राहणार नाही याची हमी. हे सगळं ठाऊक असून माझ्या भाचीनं वडशाजवळच्या आमच्या गावी, नेमक्या मंडईच्या रात्री, मागच्या अंगणात खरकट्या भांड्यांच्या आडून मला एक गुपित सांगितलं.

"मामाजी, मी पुढचं शिकाले बाहेर जातो म्हनतो."

तिच्या मते ती हळूच बोलत होती. पण समोरच्या मैदानातल्या कर्ण्यावर लावणी चालली होती, त्यामुळे हळूच म्हणजे ओरडूनच बोलावं लागत होतं. लावणी थांबली ती बरोबर "जर्मनीले" या शब्दावर. चौदा पाहुण्यांनी ते ऐकलं, दोन शेजाऱ्यांनी ऐकलं, आणि दुसऱ्या अंकाआधी चहा प्यायला आलेल्या, मिशा चिकटवलेल्या खलनायकानंही ऐकलं. पहिला सल्ला त्याचाच. "जर्मनी कायले? दुबईले पाठवा. माझा साळा आहे तिथं." एवढं बोलून तो नायिकेला पळवायला निघून गेला.

त्या रात्रीपासून भाचीसाठी विद्यापीठ निवडण्याचं काम सुरू झालं. त्यात भाची सोडून सगळे होते. अध्यक्षपद ओघानंच माझ्याकडे आलं, कारण घरात इंग्रजी येणारा माणूस अशी माझी ख्याती आहे. ती कशी झाली ते सांगतो. १९९८ साली वडसा स्टेशनवर, म्हणजे जिल्ह्याच्या तेव्हाच्या एकुलत्या एक रेल्वे स्टेशनवर, एका गोऱ्या माणसानं मला रस्ता विचारला. मी "गो स्ट्रेट" म्हणालो. तो सरळ गेला आणि परत काही आला नाही. गावानं यातून माझं इंग्रजी अचूक असल्याचा निष्कर्ष काढला. शिवाय मी अठ्ठावीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला आहे, त्यामुळे जग कुठं आहे हे मला माहीत असणार असा सर्वांचा समज होता. तो समज या लेखाच्या शेवटापर्यंत टिकत नाही.

सल्ल्यांची पहिली लाट रँकिंगची आली. माझी बहीण बल्लारपुरात राहते. तिच्या शेजारी वीज केंद्रातून निवृत्त झालेले एक साहेब आहेत. त्यांचा मुलगा अमेरिकेत असल्यानं पृथ्वीवरच्या सगळ्या विद्यापीठांबद्दल शेवटचा शब्द त्यांचा असतो.

"पहिल्या शंभरात आहे का?" त्यांनी विचारलं.

"कोणत्या यादीत साहेब?" भाचीनं विचारलं.

साहेब गप्प झाले. यादी एकच असते, जशी दहावीची गुणवत्ता यादी असायची, अशी त्यांची कल्पना होती. मग मी अभ्यास केला. एक यादी शांघायची, २००३ पासूनची. तिला नोबेल पारितोषिकं मोजायचा नाद. दुसरी क्यूएसची, तिसरी टाइम्सची. या शेवटच्या दोघी २००४ ते २००९ एकाच घरात नांदत होत्या, एकच यादी काढत होत्या. मग वाटण्या झाल्या. आमच्याकडे भावाभावांत शेत वाटलं गेलं की रात्री उठून एकमेकांचा बांध कोरतात. इथं दोघींनी क्रमांक कोरायला घेतले. त्यामुळे एखादं विद्यापीठ एका यादीत पुढच्या बाकावर, दुसऱ्या यादीत मधल्या ओळीत आणि तिसरीत थेट व्हरांड्यात. सातबारा एकाच्या नावे, फेरफार दुसऱ्याच्या नावे, असा हा प्रकार.

खरं म्हणजे रँकिंग आम्हाला नवं नाही. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा निघाला, तेव्हापासून राज्याची कुठलीही यादी आली की आम्ही ती खालून वाचायला घेतो, वेळ वाचतो. अपवाद मे महिन्याचा. तेव्हा कधी चंद्रपूर, कधी ब्रह्मपुरी सगळ्या देशात तापमानात पहिली येते आणि आम्ही ओला गमछा डोक्यावर टाकून बातमी दोनदा वाचतो. या रँकिंगसाठी कुणाला अर्ज करावा लागत नाही, आणि त्याची शिष्यवृत्तीही मिळत नाही.

"मामाजी," भाची म्हणाली, "रँकिंग पुऱ्या विद्यापीठाचं असते. मले तर फक्त दगड पाह्याचे हायेत."

भाचीचा विषय भूशास्त्र. गोंडवाना विद्यापीठाची पदवी, दहापैकी ८.२. तिच्या वडलांना, म्हणजे आमच्या भाऊजींना, तिच्या दगडांबद्दल तक्रार नाही. ते स्वतः कोळसा खाणीत नोकरी करतात. त्यांची हरकत देशाबद्दल होती. कुठून तरी त्यांनी वाचून काढलं की जर्मनीनं आपली शेवटची दगडी कोळशाची खाण डिसेंबर २०१८ मध्ये बंद केली.

"गुरुजी, ज्यानं दुकान बंद केलं त्याच्याकडे दुकानदारी शिकाले कोन जाते जी?"

याला उत्तर नव्हतं. मी चहा मागवला.

माझ्या आईची, म्हणजे भाचीच्या आजीची, हरकत मात्र दिशेबद्दल होती. परदेशी शिक्षण हा प्रकार गडचिरोलीत आजीच्या पिढीनं उलट्या अंगानं पाहिला आहे. अभय बंग आणि राणी बंग हे डॉक्टर नवरा-बायको १९८४ साली अमेरिकेत, जॉन्स हॉपकिन्समधून शिकून निघाले आणि मग येऊन राहिले कुठं, तर गडचिरोलीत. आजीच्या दृष्टीनं हाच जगाचा नियम. माणसं तिकडं शिकतात आणि शिक्षण पुरं झालं की इकडं येतात.

"हे पोट्टी तं इकडंच हाय," आजी म्हणाली. "मंग जाऊन यून करते का? हाय तिथंच ऱ्हाय म्हना."

तर्क बिनतोड होता. मी आजीला आनंदीबाई जोशींची गोष्ट सांगितली. त्यांच्या शिक्षणासाठी लिहिलेलं पत्र अमेरिकेतल्या एका मासिकात छापून आलं. न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाई दातांच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघत बसल्या होत्या, त्यांनी ते मासिक सहज चाळलं. त्यातून ओळख, आणि पुढं १८८३ साली आनंदीबाई बोटीनं निघाल्या त्या फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात पोचल्या. ना यादी, ना रँकिंग. आजीनं गोष्ट मन लावून ऐकली आणि एवढंच विचारलं, "त्या बाईचा दात बरा झाला का मंग?"

शेवटी सर्वानुमते नागपूरला, एका परदेशी शिक्षण सल्लागाराकडे जायचं ठरलं. शिष्टमंडळात भाची, भाऊजी, मी, आणि रँकिंगवाले साहेब, कारण त्यांना तसंही नागपूरला डोळे दाखवायचे होते. तिथं काचेचं दार, थंडगार हवा आणि भिंतीवर मोठा फोटो. फोटोत हिरवळीवर तीन विद्यार्थी, एक गोरा, एक काळा, एक चिनी, एकाच पुस्तकात बघून खदाखदा हसताहेत. भाऊजी तो फोटो बराच वेळ बघत राहिले. "पुस्तक कशाचं आहे?" ते म्हणाले. "आपल्याकडे पुस्तक पाहून असं कोनी हसल्याचं मले आठवत नाही."

सल्लागार ही एक टाय लावलेली चुणचुणीत मुलगी होती. तिनं विचारलं, "मॅम, बॅकग्राउंड?"

"जिओलॉजी."

"ओके, जॉर्जिया! खूप छान कंट्री आहे मॅम."

गैरसमज दूर व्हायला दहा मिनिटं गेली. मग तिनं संगणकात बघून सांगितलं की भूशास्त्र सध्या चालत नाही, पण हॉटेल मॅनेजमेंटच्या जागा शिल्लक आहेत, आज नोंदणी केली तर बॅग मोफत. "दोन्हीत फील्डवर्क असतं सर," ती मला म्हणाली. तिची चूक नव्हती. माणूस दुकानात जे असतं तेच विकणार. आमच्या वाण्याकडे तूरडाळ मागितली तर तो चणाडाळीचे गुण सांगतो. साहेबांनी मात्र बाहेर पडता पडता बॅगेचं कापड हाताला लावून पाहिलं.

परतीच्या बसमध्ये भाचीनं जाहीर केलं की ती स्वतःच अर्ज करणार आहे, जर्मनीलाच, कारण तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नसते. "फी नाही" हे दोन शब्द ऐकून भाऊजींचा कोळशाबद्दलचा राग एकदम निवला. उमरेडच्या पुढं त्यांनी सगळ्यांना संत्री घेऊन दिली.

फी नाही, पण बाकी सगळं आहे, हे पुढं कळत गेलं. तिथं राहायचा वर्षाचा खर्च आधीच एका खात्यात भरून दाखवावा लागतो. तेव्हा तो होता ११,९०४ युरो, म्हणजे त्या वेळच्या भावानं आपले अकरा लाखांच्या आसपास. ते खातं मी भाऊजींना समजावून सांगत होतो.

"पैसे आपलेच. खातं आपल्या पोरीच्याच नावाचं. पण एकदम काढता येत नाहीत. महिन्याला फक्त ९९२ युरो मिळतात."

"म्हंजे पतसंस्था!" भाऊजी दचकले.

"नाही हो, हे परत देतात."

भाऊजींचा विश्वास बसायला आठवडा लागला. त्यानंतर पदवीची तपासणी. २०२२ पासून भारतातून जाणाऱ्यांना आपली पदवी खरी असल्याचा वेगळा दाखला काढावा लागतो. याचं मात्र आमच्याकडे कुणाला काही वाटलं नाही. जात पडताळणीच्या रांगेत ज्यांची उमेदीची वर्षं गेली त्यांना पदवी पडताळणी म्हणजे किरकोळ. घोळ निघाला तो नावात. दहावीच्या कागदावर भाचीच्या नावात एक 'एच' होता, बारावीला तो नव्हता, आणि पदवीपर्यंत दोन झाले होते. हे सगळं कुणी केलं याचा शोध घेत आम्ही शाळेच्या मूळ अर्जापर्यंत पोचलो. अक्षर वळणदार होतं. माझं होतं. इंग्रजी येणारा मामा म्हणून पहिलीत तिचा अर्ज मीच भरला होता.

पण खरा धक्का गुणांचा. जर्मनीत १ म्हणजे सर्वोत्तम, ४ म्हणजे काठावर पास, आणि आपले गुण त्यांच्या मापात बसवायचं एक सूत्र आहे. त्या सूत्रात घातल्यावर भाचीचे ८.२ झाले १.९. ही बातमी घरात पसरली तेव्हा आमच्याकडे धानाची भरडाई चालू होती. आजी सूप बाजूला ठेवून म्हणाली, "क्विंटलभर धान गिरणीत टाकलं तं सदुसष्ट किलो तांदूळ तरी वापस येते. आठाचे दोनबी नाही? हे कोनती गिरणी म्हनावं?"

पुढं इंग्रजीच्या परीक्षेत तिला नवापैकी सात मिळाले, तेव्हा आजीनं आनंद व्यक्त करण्याआधी विचारून घेतलं, "इकडचे सात का तिकडचे सात?"

आता गाव. इथं माझ्या हातून एक उकार घडला.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी भाचीचा बल्लारपूरहून फोन आला. मी गडचिरोलीत. मध्ये सगळं जंगल, आणि जंगलाच्या वर जे काही नेटवर्क असतं ते. तिनं विद्यापीठाच्या गावाचं नाव सांगितलं. मला ऐकू आलं, फ्रायबुर्ग. मी लगेच संगणक उघडला आणि हरखून गेलो. विद्यापीठ १४५७ सालचं! गाव फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या सीमेजवळ, आणि कुठं वसलेलं, तर ब्लॅक फॉरेस्ट नावाच्या जंगलाच्या काठाला. जंगलातली पोरगी जंगलात चालली. मी त्याच रात्री आजीला सांगितलं.

"जंगल हाय? मंग वाघ असन."

"वाघ नाही तिथं."

"वाघ नाही तं जंगल कायचं? झाडं म्हन."

मी बिथरलो नाही. दुसऱ्या दिवशी चौकातल्या चहाच्या टपरीवर, पोस्टात, रेशन दुकानासमोर, सगळीकडे ब्लॅक फॉरेस्टचं वर्णन केलं. फ्रायबुर्ग हे जर्मनीतल्या सगळ्यात उबदार गावांपैकी एक, हेही मी शोधून काढलं. अभ्यास करता करता आणखी एक गोष्ट सापडली. जर्मनीच्या त्या राज्यानं २०१७ पासून युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सहामाहीला १५०० युरो फी लावली होती. मी घाबरून बल्लारपूरला फोन केला.

"मामाजी, तिथं फी नाही."

"आहे. मी वाचलं."

"मी बी वाचलं. नाही."

"अगं, मी अठ्ठावीस वर्षं भूगोल शिकवला!"

तीन दिवस आम्ही भांडलो. दोघंही शंभर टक्के खरं बोलत होतो, फक्त दोन वेगळ्या गावांबद्दल. ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. पोरगी बापाचे पैसे वाचवायला फी लपवते आहे असं मला वाटलं, आणि मामाला वयोमानानं आता कमी दिसायला लागलं असं तिला.

मग हेतुपत्र. मला हे विद्यापीठ का हवं, यावर विद्यार्थ्यानं दोन पानं लिहायची असतात. ती मी लिहिली, पाच झाली. सुरुवात वैनगंगेपासून केली, दुसऱ्या पानावर मार्कंडा देवस्थानाच्या शिल्पांना स्पर्श केला, तिसऱ्या पानावर आलापल्लीचं सागवान आणि ब्लॅक फॉरेस्टची देवदारं एकमेकांना आलिंगन देतात अशी एक कल्पना होती, ती लिहिताना माझे डोळे भरून आले होते. भाचीनं पाचही पानं नम्रपणे घेतली आणि त्यातलं "सर" हे संबोधन तेवढं ठेवलं. स्वतः तिनं लिहिलं ते असं की आमच्या गावच्या विहिरीला मे महिन्यात पाणी असतं आणि शंभर पावलांवरच्या बोअरला नसतं, खालचा दगड असा का वागतो हे तिला समजून घ्यायचं आहे. मला ते फारच कोरडं वाटलं. देवदारं का खोडली, असं मी विचारलं. "मामाजी, तिथं तशी नाहीत," ती म्हणाली. मी मनात म्हटलं, पोरीला ब्लॅक फॉरेस्टची माहिती नाही, आणि चालली शिकायला.

अर्ज गेल्यावर तिनं तिथल्या एका प्राध्यापकांना काही शंका विचारल्या. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. ते आम्ही सगळ्यांनी मिळून वाचलं, म्हणजे मी मोठ्यानं वाचलं आणि भाचीनं मधूनमधून दुरुस्त केलं. शंकांची उत्तरं दोन ओळीत होती. बाकी सगळं पत्र एकाच गोष्टीबद्दल होतं. गोंडवाना या नावाचं विद्यापीठ खरंच आहे का? तुम्ही तिथं राहता? तिथं माणसं राहतात?

त्यांचं आश्चर्य मला समजू शकत होतं. ऑस्ट्रियाच्या एदुआर्द झ्यूस या भूशास्त्रज्ञानं १८८५ साली एका अतिप्राचीन महाखंडाला गोंडवाना हे नाव रूढ केलं, ते आमच्या गोंडांच्या मुलखावरून, इथल्या खडकांच्या नावावरून. आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका, सगळी त्यातूनच फुटून गेलेली बिऱ्हाडं. तेव्हापासून जगभर भूशास्त्राच्या पहिल्या वर्षाला गोंडवाना शिकवतात आणि मग ते कोट्यवधी वर्षांपूर्वी फुटलं असंही शिकवतात. आता तिथूनच एका मुलीचा अर्ज यावा, सोबत गुणपत्रिका आणि शिक्का! डायनोसॉरनं रहिवासी दाखला जोडल्यासारखंच. मुंबईत लोक मला अजून विचारतात, गडचिरोली म्हणजे नक्की कुठं. आणि जर्मनीतला एक म्हातारा आमच्या विद्यापीठाचं नाव वाचून खुर्चीतून उठला होता. आमचं विद्यापीठ २०११ सालचं. नाव मात्र बाकी सगळ्यांच्या आधीचं.

आजीला हे सांगितलं. ती म्हणाली, "वाटण्या झाल्या तरी मूळ घर इकडंच हाय ना? मंग त्यायलेच इकडं बलाव."

मे महिन्यात कपड्यांची खरेदी झाली. आधी घेतले तर स्वस्त पडतात, हे भाऊजींचं मत. चंद्रपूरच्या गोल बाजारात दुपारी दोन वाजता, बाहेर ४६ अंश असताना, आम्ही दुकानदाराला सांगितलं की बर्फात घालायचं जॅकेट दाखवा. त्यानं आधी आम्हाला पाणी दिलं. मग माळ्यावरून एक गाठोडं काढलं. भाची मापाला आली नव्हती, तिला दाखल्यासाठी कुठं तरी जायचं होतं, म्हणून तिच्याच अंगलटीचे असलेले भाऊजी उभे राहिले. चेन गळ्यापर्यंत गेली आणि तिथंच अडकली. दुकानदार ओढतोय, मी ओढतोय, भाऊजी आतून काही तरी सांगताहेत. रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. एकानं विचारलं, "यायले काय झालं जी?" दुसरा म्हणाला, "जर्मनीले चालले." "आतापासून?"

चेन कापून भाऊजींना सोडवलं तेव्हा त्यांचा रंग वीटभट्टीतून काढल्यासारखा झाला होता. उसाच्या रसाचे तीन पेले पोटात गेल्यावर ते पहिलं वाक्य बोलले. "गुरुजी, तुमी तर म्हनले होते, उबदार गाव आहे."

"आहेच. जॅकेटची गरजच नाही."

"मंग पोट्टी उणे पंधरा काऊन म्हनते?"

"घाबरवते तुम्हाला," मी म्हणालो.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, पावसाची झड लागलेली असताना प्रवेशाचं पत्र आलं. भाचीनं फोनवर नुसतं "झालं मामाजी!" एवढंच म्हटलं, आणि मी छत्री न घेता फ्लेक्सवाल्याकडे धावलो. आमच्याकडे फ्लेक्स लागल्याशिवाय कुठलंही यश कायदेशीर ठरत नाही. मजकूर मी सांगितला: जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे उच्च शिक्षणासाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. खाली शुभेच्छुकांचे बावीस फोटो. वर डाव्या कोपऱ्यात मार्गदर्शक म्हणून माझा, तो प्रमाणात थोडा मोठा आला. भाचीचा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा. मध्ये जागा उरली.

"इथं ब्लॅक फॉरेस्टचा फोटो टाक," मी फ्लेक्सवाल्या पोराला सांगितलं आणि निघालो.

सकाळी चौकात फ्लेक्स लागला. भाची पेढे घेऊन बल्लारपूरहून आली होती. आम्ही दोघं खाली उभे राहून बघत होतो. मध्यभागी, पाच फूट रुंदीचा, तीन थरांचा, चेरी लावलेला, चॉकलेटचा केक होता.

पोराला बोलावलं. "सर, तुमी म्हनले ब्लॅक फॉरेस्ट. मी टाकलं, हेच आलं." मग जरा निरखून म्हणाला, "वरून बर्फ पडल्यासारखाच दिसते ना जी?"

भाची केककडे बघतच नव्हती. ती गावाच्या नावाकडे बघत होती.

"मामाजी, हे 'बु' काऊन?"

"मग काय?"

"'बे'. फ्रायबेर्ग. फ्रायबेर्ग, मामाजी!"

मग त्या चौकात, भर पावसात, तिनं मला जर्मनीचा भूगोल शिकवला. फ्रायबुर्ग जर्मनीच्या नकाशात खाली डावीकडे. फ्रायबेर्ग पार उजवीकडे, सॅक्सनी राज्यात, चेकियाच्या सीमेजवळ. मध्ये पाचशे किलोमीटर. फ्रायबेर्ग हे चांदीच्या खाणींचं गाव, ११६८ साली तिथं चांदी सापडली. १७६५ साली खाणकाम शिकवायची शाळा निघाली, तीच आजचं विद्यापीठ. त्या विषयातली जगातली चालू असलेली सगळ्यात जुनी संस्था. इंडियम आणि जर्मेनियम ही दोन मूलद्रव्यं त्या एवढ्याशा गावात सापडली. चांदीच्या खाणी तिथल्या केव्हाच थांबल्या. आमच्याकडे खाण संपली की खड्डा उरतो. त्यांच्याकडे विद्यापीठ उरलं. फी नाही. थंडी आहे. आणि अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट तिथंच शिकला.

हे शेवटचं मला सहन झालं नाही. ज्या हम्बोल्टचा थंड प्रवाह मी अठ्ठावीस वर्षं दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यानं वाहवला, दर परीक्षेत दोन गुणांना विचारला, तो कुठं शिकला हे मला माझी भाची सांगत होती.

मी बचावाचा प्रयत्न केला. बेर्ग म्हणजे डोंगर आणि बुर्ग म्हणजे किल्ला, हे मला तोवर माहीत झालं होतं. "गडचिरोलीचा माणूस आहे मी," मी म्हणालो, "गडाकडेच जाणार."

"मामाजी, तुमी चांदूरले बी असंच केलं होतं."

ते प्रकरण तिला तिच्या आईनं सांगितलेलं दिसलं. एका लग्नाला मला गडचांदूरला जायचं होतं. मी चांदूर रेल्वेला गेलो. तिथंही त्या दिवशी लग्न होतं. आहेर दिला, अक्षता टाकल्या, पंगतीला बसलो. दुसरी बुंदी घेताना नवरी ओळखीची नाही हे लक्षात आलं. जेवण चांगलं होतं. चांदूर बाजार नावाचं तिसरं गाव शिल्लक आहे, तिथं अजून गेलेलो नाही.

भाऊजींना फोन करून खरं गाव सांगितलं. ते ब्लॅक फॉरेस्टच्या भानगडीत कधी पडलेच नव्हते, त्यामुळे दुःख झालं नाही. "चांद्याची पोरगी चांदीच्या गावाले," ते म्हणाले आणि स्वतःच्या कोटीवर इतके खूश झाले की ती त्यांनी मला पुन्हा दोनदा ऐकवली. जॅकेटचा विषय त्यांनी काढला नाही. तेवढा मोठेपणा त्यांच्यात आहे. आजीला मी घाबरत घाबरत सांगितलं की ते जंगल गेलं, हे गाव वेगळं आहे. पण सॅक्सनीत २००० सालापासून लांडगे परत आले आहेत. आजीनं विचार केला. "मंग ठीक हाय. कायतरी हाय म्हंजे."

राहिला फ्लेक्स. पोरगा म्हणाला, नुसता 'बु' बदलता येत नाही, सगळा नवा छापावा लागेल, पैसे नव्यानं पडतील. मी म्हटलं राहू दे, पावसात असा किती दिवस टिकणार. आमच्या चौकातले फ्लेक्स नेमके असेच असतील तर टिकतात. आठ दिवसांत पावसानं गावाचं नाव धुऊन नेलं, बावीस शुभेच्छुक पुसट झाले, मार्गदर्शकाचं तोंड वाऱ्यानं फाटलं. भाचीचा छोटा फोटो आणि शेजारचा केक तेवढा राहिला, एकदम ताजा.

लोक मला रस्त्यात थांबवू लागले. पोस्टमन म्हणाला, "भाचीले हॅपी बड्डे सांगा जी सर." रेशन दुकानदारानं वय विचारलं. शाळेतले जुने सहकारी घरी आले, पाकिटात एकशे एक रुपये घालून. मी प्रत्येकाला जर्मनीपासून सुरुवात करून समजावत होतो, फ्रायबुर्ग, फ्रायबेर्ग, मात्रा वर, उकार खाली. ते शेवटपर्यंत ऐकून घेत आणि विचारत, "ते ठीक आहे गुरुजी, पण केक कुठं आहे?"

शनिवारी मी बेकरीत गेलो आणि दोन किलोचा सांगितला.

"कोनता देऊ?" बेकरीवाला म्हणाला.

मी चौकाकडे बोट दाखवलं.